रस्त्याखालून वाघाची वाट

नागपूर शहर सोडून जबलपूरच्या रोखानें उत्तरेस निघालें म्हणजे मनसर, देवलापार हीं गांवें मागें पडतात आणि पेंचच्या सागवानी अरण्यास आरंभ होतो. येथें चौपदरी राजमार्ग मधून मधून जमीन सोडतो व खांबांवर चढून पुढें जातो. खालीं पाहावें तर कित्येक ठिकाणीं मोठी नदी नाहीं, लोहमार्ग नाहीं, गांवची वहिवाटीची वाटही नाहीं. आहे ती नुसती माती, पालापाचोळा आणि झुडपें. एवढें लोखंड व सिमेंट खर्चून हा पूल कोणासाठीं बांधला, असा प्रश्न नव्या प्रवाशास पडल्याशिवाय राहत नाहीं. त्याचें उत्तर असें कीं, हा पूल वरून जाणारांच्या सोयीसाठीं नसून खालून जाणारांसाठीं आहे. आणि खालून जाणारे म्हणजे चितळ, रानडुकरें, रोही, रानकुत्रे आणि वाघ.

आपल्या भाषेंत अशा बांधकामांस अद्याप सर्वमान्य नांव पडलेलें नाहीं. कोणी त्यांस भुयारी मार्ग म्हणतात, कोणी हरितपूल म्हणतात. ह्या लेखापुरतें आपण त्यांस ‘पशुमार्ग’ म्हणूं. मग तो रस्त्याच्या खालून गेलेला असो वा वरून.

अरण्यांतील प्राणी मन मानेल तिकडे हिंडत असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्याच्या हिंडण्याफिरण्यास शेतकऱ्याच्या दिनक्रमाइतकाच नेम असतो. उन्हाळ्यांत पाणवठे आटूं लागले कीं, चितळांचे कळप उरलेल्या पाण्याकडे सरकतात. मोहाचीं फुलें गळूं लागलीं कीं, अस्वलें त्या झाडांची वाट धरतात. आणि वाघाचा बच्चा सुमारें दोन वर्षांचा झाला कीं, त्यास आईचा मुलूख सोडून स्वतःसाठीं नवा मुलूख शोधावा लागतो. हा शोध कधीं कधीं शेंकडो किलोमीटर चालतो. पेंचचें अरण्य आणि मध्य प्रदेशांतील कान्हाचें अरण्य ह्यांच्यामध्यें तुटक रानांची जी सांखळी आहे, तिच्यांतून असे तरुण वाघ एका रानांतून दुसऱ्या रानांत जातात. ह्या येण्याजाण्यावरच दोन्हीं ठिकाणच्या वाघांच्या पुढील पिढ्यांचें आरोग्य अवलंबून आहे. अशा वाटेवर रस्ता आडवा आला म्हणजे काय होतें, हें आतां पाहूं.

पहिली हानि कोणासही दिसण्यासारखी आहे. रात्रीं मोटारीच्या दिव्यांचा प्रखर झोत डोळ्यांवर पडला म्हणजे हरिण दिपून जातें व पळण्याऐवजीं जागच्या जागीं खिळून उभें राहतें. दिवसा तापलेलें डांबर रात्रीं बराच वेळ ऊबदार राहतें, म्हणून साप त्यावर येऊन पडतो आणि तेथेंच चिरडला जातो. त्या मेलेल्या जिवांच्या मांसासाठीं घार येते, कोल्हा येतो, आणि पुढच्या मोटारीखालीं त्याचीही तीच गत होते. ह्यांत माणूस सुरक्षित राहतो असेंही नाहीं. स्वीडन, कॅनडा इत्यादि उत्तरेकडील देशांत मूस नांवाचें घोड्यासारखें उंच हरिण आढळतें. त्याचे पाय इतके लांब असतात कीं, मोटारीची धडक पायांस बसते व त्याचें शेंकडो किलो वजनाचें धड सरळ पुढच्या कांचेवर येऊन आदळतें. तेथील लोकांनीं पशुमार्गांस जो पाठिंबा दिला त्यांत भूतदया होती हें खरें; परंतु स्वतःच्या जिवाची काळजीही तितकीच होती, आणि ती असण्यांत कांहीं गैर नाहीं.

दुसरी हानि मुकी आहे. रहदारी अतिशय वाढली म्हणजे पुष्कळसे प्राणी रस्त्याकडे फिरकतच नाहींत. आवाज, उजेड, वास ह्यांनीं भिऊन ते माघारी वळतात. रस्ता ओलांडतांना जो प्राणी मरतो त्याची नोंद तरी होते. परंतु भीतीनें जो ओलांडीतच नाहीं, त्याची गणती कोणत्या वहींत होणार? अशा वेळीं डांबराची ती काळी पट्टी प्राण्यांच्या दृष्टीनें उंच तटाप्रमाणें होऊन बसते. तटाच्या एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस चारा. एका बाजूस नर, दुसऱ्या बाजूस मादी.

तिसरी हानि ह्या दुसरींतूनच उत्पन्न होते व ती दिसूं लागण्यास कित्येक पिढ्या जाव्या लागतात. अमेरिकेच्या दक्षिण टोंकास फ्लॉरिडा नांवाचें राज्य आहे. तेथील दलदलीच्या रानांत प्यूमा जातीचें एक मोठें मांजर राहतें; त्यास तेथें पँथर म्हणतात. शिकार, वस्ती व रस्ते ह्यांमुळें चोहोंकडून कोंडलें जाऊन १९९० च्या सुमारास ह्या पँथरांची संख्या वीस-तीसवर आली होती. एवढ्या थोड्या प्राण्यांत आपसांतच संतति होत राहिल्यामुळें पिल्लांच्या शेंपट्या जन्मतः वांकड्या निघूं लागल्या, हृदयांत दोष आढळूं लागले, आणि कित्येकांस संतति होईना. शेवटीं १९९५ सालीं टेक्सास राज्यांतून आठ माद्या आणून तेथें सोडाव्या लागल्या. त्यानंतर संख्या वाढून शंभरावर गेली. ह्याच सुमारास त्या रानांतून जाणारा मोठा रस्ता रुंद करण्यांत आला. तेव्हां त्याच्याखालीं चोवीस पशुमार्ग ठेवून दोहों बाजूंस कुंपण घालण्यांत आलें. त्या टापूंतील मोटारीखालीं होणारे पँथरांचे मृत्यु पुष्कळच घटले. परंतु फ्लॉरिडांतील इतर रस्त्यांवर ही सोय सर्वत्र नाहीं, आणि म्हणून त्या प्राण्याच्या नोंदलेल्या मृत्यूंचें मुख्य कारण वाहनाची धडक हेंच राहिलें आहे. आठ माद्या बाहेरून आणणें हा आजारावरील उपचार झाला. वाट मोकळी ठेवणें हें पथ्य. वैद्य लोक कोणत्या गोष्टीवर अधिक भर देतात हें घरांतील वडील मंडळींस विचारावें.

पशुमार्गांचा सर्वांत दीर्घ व पद्धतशीर अभ्यास जर कोठें झाला असेल तर तो कॅनडा देशांत, रॉकी पर्वताच्या कुशींत वसलेल्या बॅन्फ येथील राष्ट्रीय उद्यानांत. हें उद्यान १८८५ सालीं स्थापन झालें. एका अरुंद खोऱ्यांतून त्या देशाचा पूर्व-पश्चिम महामार्ग ह्या उद्यानाच्या मधोमध गेला आहे. तो १९६२ सालीं रहदारीस खुला झाला. पुढें रहदारी इतकी वाढली कीं, एल्क नांवाचीं मोठालीं हरणें (आपल्या सांबराचींच थोरलीं भावंडें म्हणा) त्यावर वारंवार मरूं लागलीं. तेव्हां १९८० नंतर रस्ता चौपदरी करण्याचें काम निघालें त्याबरोबर दोहों बाजूंस २·४ मीटर उंचीचें तारेचें कुंपण घालण्यास व खालून मार्ग काढण्यास आरंभ झाला. १९९७ सालीं रस्त्यावरून जाणारे पहिले दोन पशुपूल पुरे झाले. प्रत्येक पूल सुमारें पन्नास मीटर रुंद. त्याच्यावर माती पसरून गवत, झुडपें व झाडें लाविलीं. कडेस मातीचे बांध घालून खालच्या मोटारी दिसूं नयेत व त्यांचा आवाज कमी यावा अशी तजवीज केली. काम टप्प्याटप्प्यानें चालून अखेरीस वरून सहा व खालून अडतीस असे चव्वेचाळीस पशुमार्ग तयार झाले.

पूल बांधला म्हणजे जनावर त्यावरून जाईलच असें नव्हे. त्यास पाटी वाचतां येत नाहीं. म्हणून ह्या योजनेंतील खरा कणा कुंपण हाच आहे. रस्त्याकडे आलेला प्राणी कुंपणास अडतो, कुंपणाच्या कडेकडेनें चालूं लागतो व चालतां चालतां त्यास पशुमार्गाचें तोंड सांपडतें. कुंपण नसेल तर लाखो रुपयांचा पूल रिकामा राहतो, आणि पूल नसतां नुसतेंच कुंपण घातलें तर रान दुभंगतें. दोहोंची जोडी असेल तरच उपयोग. बॅन्फच्या लोकांस आणखी बारीकसारीक गोष्टीही अनुभवानें शिकाव्या लागल्या. लांडगे व तत्सम प्राणी कुंपणाखालून उकरून आंत शिरूं लागले, तेव्हां कुंपणाच्या तळाशीं जाळी जमिनींत पुरावी लागली. एखादा प्राणी चुकून रस्त्याच्या बाजूस आलाच तर त्यास बाहेर कसें जातां यावें? त्यासाठीं रस्त्याच्या अंगानें चढण व रानाच्या अंगानें एकदम उतार असे मातीचे उंचवटे केले. आंतला प्राणी चढून पलीकडे उडी टाकूं शकतो; बाहेरचा मात्र आंत चढूं शकत नाहीं. इतकी साधी युक्ति आहे, परंतु तिच्यावांचून कुंपण म्हणजे पिंजरा झाला असता.

आतां प्रश्न असा कीं, प्राणी खरोखर ह्या वाटेनें जातात हें समजावें कसें? १९९६ सालापासून तेथील शास्त्रज्ञांनीं पशुमार्गांत वाळूमिश्रित मातीचे पट्टे पसरून ते दंताळ्यानें सारखे केले व ठराविक दिवसांनीं जाऊन पावलांचे ठसे मोजले. पुढें आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे आले. अशा रीतीनें अकरा जातींच्या मोठ्या सस्तन प्राण्यांचीं दीड लाखांहून अधिक पारगमनें नोंदलीं गेलीं. वाहनांशीं होणाऱ्या टकरी एकंदरींत शेंकडा ऐंशींहून अधिक कमी झाल्या. एल्क व इतर हरणांच्या बाबतींत तर ही घट शेंकडा शहाण्णवांहून अधिक भरली.

ह्या नोंदींतून प्राण्यांच्या स्वभावाचे जे नमुने दिसले ते मोठे मनोरंजक आहेत. एल्क धीट; पुलाचें काम चालू असतांच त्यांनीं त्याचा उपयोग करण्यास आरंभ केला. ग्रिझली जातीचें प्रचंड अस्वल मात्र फार संशयी. त्यास नवी वाट आपलीशी करण्यास पांच वर्षांपर्यंत काळ लागला. ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पहिल्या एकदोन वर्षांचे आंकडे पाहून कोणी हिशेबनीस “पैसा वायां गेला” असा शेरा मारता, तर तो चुकीचा ठरता. आणि असा शेरा मारणारे त्या वेळीं नव्हते असें नाहीं. पुन्हां सर्वांची आवड एकसारखी नाहीं. ग्रिझली, लांडगे व हरणें ह्यांस उंच, रुंद, मोकळी व आंखूड वाट आवडते, म्हणजे पलीकडचें सर्व कांहीं आधींच दिसावें. काळें अस्वल व प्यूमा ह्यांस उलट अरुंद, अंधारी व आडोशाची वाट पसंत पडते. म्हणून एकच नमुना ठरवून सगळीकडे तोच ओतीत जाणें हें शहाणपणाचें नव्हे. निरनिराळ्या घडणीचे मार्ग ठेवावे लागतात.

एक शंका विद्यार्थ्यांपैकीं चाणाक्षांच्या मनांत आलीच असेल. सगळीं हरणें जर ठराविक अरुंद तोंडांतूनच जाऊं लागलीं, तर वाघ-लांडगे तेथेंच दबा धरून बसणार नाहींत काय? ही शंका शास्त्रज्ञांसही आली होती. बॅन्फ येथें ह्या दृष्टीनें नोंदी तपासून पाहिल्या, तेव्हां शिकारी प्राणी पशुमार्गांचा सांपळ्याप्रमाणें उपयोग करतात असा पुरावा मिळाला नाहीं. जाणारे प्राणी बहुधा घाईनें पलीकडे निघून जातात.

अस्वलांच्या बाबतींत तर ह्याहून खोल चौकशी झाली. पशुमार्गाच्या तोंडाशीं कांटेरी तार आडवी बांधून ठेवीत. अस्वल तिच्याखालून किंवा तिच्यावरून जातांना चार केस तारेस अडकून राहत. त्याला इजा होत नसे. त्या केसांच्या मुळांतून त्याची आनुवंशिक ओळख पटविण्यांत आली. त्यावरून असें सिद्ध झालें कीं, दोन्हीं जातींचीं अस्वलें नुसतीं रस्ता ओलांडीत नाहींत, तर ओलांडून गेलेल्यांपैकीं कित्येकांस संतति होते व दोहों बाजूंचें रक्त एकमेकांत मिसळत राहतें. फ्लॉरिडांत जें बिघडलें तें येथें सांवरलें गेलें, तें असें. मात्र त्याच खोऱ्यांतून लोहमार्गही जातो. मालगाड्यांतून सांडलेलें धान्य वेंचण्यास अस्वलें रुळांवर येतात व कधीं कधीं गाडीखालीं सांपडतात. म्हणजे एक दार सुरक्षित केलें, तरी दुसरें उघडें राहिलेंच.

आतां आपल्या घराकडे वळूं. पेंचमधून जाणारा हा रस्ता पूर्वीं सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता. आज त्यास चव्वेचाळिसावा म्हणतात. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा, देशांतील सर्वांत लांब असा हा मार्ग. नागपूर व शिवनी ह्यांच्यामध्यें तो ज्या रानांतून जातो, तीं मोगलीच्या गोष्टींमुळें जगभरच्या मुलांस ठाऊक झालेलीं शिवनीचीं रानें. रस्ता चौपदरी करण्याचा बेत झाला तेव्हां वन्यजीवांचा कैवार घेणाऱ्या मंडळींनीं हरकत घेतली. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि कित्येक वर्षें काम अडून राहिलें. दोहों पक्षांचें म्हणणें खोटें नव्हतें. अरुंद व उखडलेल्या रस्त्यानें रुग्णास नागपूरच्या दवाखान्यांत न्यावयाचें म्हणजे काय, हें त्या भागांतील लोकांस चांगलेंच ठाऊक होतें. दुसऱ्या बाजूस, एकदां रान तुटलें म्हणजे तें पुन्हां सांधत नाहीं, हेंही खरें. शेवटीं डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं पशुमार्ग कोठें व केवढे असावेत हें सुचविलें, आणि रस्ता रुंद करतांना ते बांधले गेले.

महाराष्ट्राच्या हद्दींतील भागांत अशीं नऊ बांधकामें आहेत. पांच खास पशुमार्ग व चार लहान पूल. त्यांची लांबी पन्नास मीटरपासून साडेसातशें मीटरपर्यंत आहे. साडेसातशें मीटर म्हणजे शाळेच्या खेळाच्या मैदानाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सातआठ वेळां जाण्याइतकें अंतर झालें. पलीकडे मध्य प्रदेशाच्या हद्दींत रस्त्याच्या कडेस आवाज व उजेड अडविणाऱ्या भिंतीही उभारल्या आहेत.

२०१९ सालीं ह्या संस्थेनें त्या नऊ बांधकामांखालीं कॅमेरे लावून जी पाहणी केली तिच्यांत अठरा जातींच्या वन्य प्राण्यांचीं ५,४५० छायाचित्रें मिळालीं. सर्वांत अधिक चितळ. रानडुक्कर, रोही, रानकुत्रा हेही होते. आणि ज्याच्याविषयीं सर्वांस धाकधूक होती तो वाघ? अकरा निरनिराळे वाघ मिळून एकोणनव्वद वेळां खालून गेले. अकराच कशावरून, असें कोणी विचारील. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे निराळे असतात. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशीं जुळत नाहीं, तसे एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशीं जुळत नाहींत. छायाचित्रें शेजारीं शेजारीं ठेवून ही ओळख करतां येते. एकोणनव्वदास अकरांनीं भागिलें तर प्रत्येकीं सुमारें आठ खेपा येतात. परंतु गणितांतील सरासरी व रानांतील वाघ ह्यांची गांठ क्वचितच पडते, म्हणून त्या आठांवर फार भार देऊं नये. महत्त्वाची गोष्ट इतकीच कीं, डोक्यावर मालमोटारी धडधडत असतां वाघ खालून गेला, आणि एकदां नव्हे, पुनः पुनः गेला.

वाघाचें नांव मोठें, म्हणून त्याच्यासाठीं पैसा मिळतो. परंतु पायाखालीं येणाऱ्या क्षुद्र जिवांसाठींही कोठें कोठें अशी सोय झालेली आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यांतील अ‍ॅम्हर्स्ट गांवीं सॅलॅमँडर नांवाचे, दिसावयास सरड्यासारखे पण कुळानें बेडकाचे नातलग असलेले प्राणी दर वसंतांत पहिल्या ऊबदार पावसाच्या रात्रीं रानांतून डबक्याकडे जातात. त्यांच्यासाठीं १९८७ सालीं तेथें रस्त्याखालून लहानशीं भुयारें काढलीं. त्यांच्या छतास फटी ठेविल्या आहेत. कां, तर आंत ओल व थोडा उजेड असल्याशिवाय हा प्राणी पाऊल टाकीत नाहीं. हिंदी महासागरांतील ख्रिसमस बेटावर पावसाळ्याच्या आरंभीं कोट्यवधि तांबडे खेंकडे रानांतून समुद्राकडे अंडीं सोडण्यास निघतात. त्या दिवसांत कांहीं रस्ते बंद ठेवितात, खालून मार्ग आहेत, आणि एके ठिकाणीं तर रस्त्यावरून पांच मीटर उंचीचा खेंकड्यांचा पूल आहे! आपल्या देशांत तामिळनाडूंतील वालपारई येथें चहामळ्यांमधून गेलेल्या रस्त्यावर सिंहपुच्छ वानरांसाठीं एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत झुलते पूल बांधले आहेत, कारण हा वानर मूळचा झाडाच्या शेंड्यांवरून हिंडणारा. जमिनीवर तो गोंधळतो. आणि आफ्रिकेंत केनिया पर्वताच्या पायथ्याशीं २०११ सालीं हत्तींसाठीं रस्त्याखालून मार्ग केला, तो त्यांनीं लगेच वापरण्यास घेतला. सॅलॅमँडरची मूठभर रुंदीची वाट आणि हत्तीची वाट, दोहोंमागील विचार एकच.

असें असलें तरी पशुमार्ग म्हणजे सर्व रोगांवरील एकच औषध नव्हे. बॅन्फच्या नोंदींत असें दिसून आलें कीं, जेथें माणसांची वर्दळ असते ते मार्ग प्राणी टाळतात. मग तेथें गुरें बांधलीं, चूल मांडली, किंवा सहलीस आलेल्या मंडळींनीं सावली पाहून बैठक मारली, तर वाघ-चितळांनीं जावें कोठून? दुसरें असें कीं, कित्येक रानांत वाटांची दाटी इतकी असते कीं, पूल किती बांधणार? अशा ठिकाणीं रहदारीच आवरावी लागते. कर्नाटकांतील बंदीपूरच्या अरण्यांतून केरळांत जाणाऱ्या महामार्गावर २००९ सालीं रात्रीं नऊपासून सकाळीं सहापर्यंत वाहनांस बंदी करण्यांत आली, व पुढील वर्षीं तेथील उच्च न्यायालयानें ती कायम केली. केरळांतील व्यापारी व प्रवासी ह्यांची त्यामुळें अडचण झाली व तंटाही झाला. परंतु रात्र प्राण्यांची व दिवस माणसांचा, अशी ही वांटणी बिनखर्ची आहे हें कबूल करावें लागतें. सर्वांत उत्तम उपाय अर्थात् रस्ता मुळांतच रानास वळसा घालून नेणें हा. तो नकाशावर पेन्सिलीनें रेघ काढतांनाच करावा लागतो. पूल मागाहूनही बांधतां येतो, पण दसपट खटाटोपानें. नव्या नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या आंखणींत काळविटांच्या कारंजा-सोहोळ अभयारण्याचा परिसर लागला. त्या मार्गावर ठिकठिकाणीं वरून व खालून पशुमार्ग ठेवले आहेत. २०२५ सालच्या जूनमध्यें हा मार्ग संपूर्ण खुला झाला. बॅन्फच्या ग्रिझलीस जर पांच वर्षें लागलीं, तर आपल्या काळविटांसही थोडी सवड दिली पाहिजे.

शेवटीं विद्यार्थ्यांस करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतों. बॅन्फच्या शास्त्रज्ञांची मातीच्या पट्ट्याची युक्ति कोणासही साधेल. शाळेच्या आवाराच्या किंवा आपल्या परसाच्या कडेस, जेथें कुंपणास भोंक पडलेलें असेल किंवा मोरीचें तोंड असेल, तेथें हातभर रुंदीचा बारीक चाळलेल्या मातीचा पट्टा पसरावा. संध्याकाळीं त्यावर थोडें पाणी शिंपडून फळीनें सारखा करावा व सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं जाऊन पाहावा. मांजराच्या पावलांत नखें उमटत नाहींत, कारण चालतांना तें नखें आंत ओढून घेतें. कुत्र्याच्या व कोल्ह्याच्या पावलांत तीं स्पष्ट दिसतात. मुंगुसाचीं पावलें लहान व पांच बोटांचीं असतात. ज्या ठशाची ओळख पटत नाहीं तो तारीख घालून वहींत काढून ठेवावा. पट्टी ठेवून लांबी-रुंदी मोजावी. गांव रानालगत असेल तर सशाचे ठसेही सांपडतील. सशाचे मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्याही पुढें पडतात, त्यामुळें तो कोणीकडे गेला असें विचारलें तर नवशिके बहुधा उलट दिशा सांगतात.